पद कोणाच्या तोंडचे? : संगीत रंगभूमीच्या रसिकांसाठी काही वाचन

पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात मध्यंतरी नाट्यगीतांचा एक कार्यक्रम झाला. आमच्या धर्मग्रामातील चार-पाच कुटुंबे मिळून आम्ही गेलो होतो. गायक तयारीचे होते, ऑर्गनची साथ नेटकी होती, आणि निवेदक फारसे बोलत नव्हते, ही तर दुर्मीळच गोष्ट म्हणायची. अडीच तासांत वीस-बावीस पदे झाली. मध्यंतरात बाहेर वडापाव खात उभे असताना बरोबरच्या एका मुलीने आम्हांला प्रश्न केला. ही मुलगी दहावीत शिकते, मिस्साच्या वेळी गायकवृंदात गाते, आणि शाळांच्या स्पर्धेत नाट्यगीत म्हणून बक्षीसही घेऊन आलेली आहे. ती म्हणाली, “अंकल, मी स्पर्धेत म्हटलं होतं ते गाणं आत्ता झालं. पण नाटकात ते कोण म्हणतं? आणि कुणाला?”

आम्हांला राग ठाऊक होता. जुनी तबकडी कोणाची हेही ठाऊक होते. ‘मानापमाना’तील भामिनीचे पद आहे, इथपर्यंत आम्ही सांगितले. ती ते कोणाला उद्देशून म्हणते, त्याआधी काय घडलेले असते, हे मात्र आम्हांला सांगता येईना. चाळीस वर्षे नाट्यसंगीत ऐकत आल्याचा आमचा अभिमान त्या वडापावाबरोबरच गिळावा लागला. घरी आल्यावर कपाट उघडले, नसलेली पुस्तके दादरच्या ग्रंथालयातून आणविली, आणि पुढचे काही महिने वाचनात गेले. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. ही सूची नव्हे. काही चांगली पुस्तके सुटली असतील. काही आम्ही मुद्दामच सोडली आहेत.

ज्यांचे नाव त्या नाट्यगृहाला दिले आहे ते वासुदेव बळवंत येथून जवळच असलेल्या शिरढोणचे. १८८० च्या जानेवारीत इंग्रज सरकारने त्यांची रवानगी एडनला केली. ज्या पुण्यात त्यांच्यावर खटला चालला, त्याच पुण्यात त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आपण ज्या इमारतीत बसून नाट्यगीते ऐकतो तिचे नाव आणि त्या गीतांचा जन्म एकाच शहरातले, एकाच वर्षाच्या आगेमागेचे आहेत, हे पनवेलकराने ध्यानात ठेवावे इतकेच.

त्या मुलीचा प्रश्न मराठी रंगभूमीच्या अगदी आरंभापासूनचा आहे, हे वाचू लागल्यावर कळले. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, ‘सीतास्वयंवर’ केले. त्या नाटकांत गाणारा एकच असे, तो म्हणजे सूत्रधार. कथेची पदे तो म्हणे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. म्हणजे पद कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा सोपे होते : पद कथेचे. हा सारा काळ समजून घ्यायचा तर श्री. ना. बनहट्टी यांचा ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’, खंड पहिला, हा ग्रंथ वाचावा. तो १८४३ ते १८७९ एवढ्याच काळाचा आहे. संगीत नाटकाचा चाहता म्हणेल, की जेथे गाडी सुरू व्हायची तेथेच ग्रंथ संपतो! आम्हीही प्रथम तसेच म्हटले होते. पण सूत्रधाराचे गाणे डोळ्यांपुढे आल्याखेरीज किर्लोस्करांनी केले काय, हे उमगत नाही. बनहट्टींची भाषा भारदस्त आहे, पुराव्याची छाननी कसून केलेली आहे, आणि त्यामुळे वाचन थोडे जड जाते. ज्यांना तेवढा धीर नसेल त्यांनी आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचे ‘मराठी रंगभूमि’ घ्यावे. ते १९०३ चे आहे. लेखकाला इतिहासाच्या शिस्तीपेक्षा मंडळ्यांविषयीचा जिव्हाळा अधिक. म्हणून विश्वास ठेवताना सावध राहावे, पण चव घेताना राहू नये.

किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहिला आणि मराठीतही असे करून दाखवावे असे त्यांच्या मनात आले, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे ‘नलदमयंती’ १८७९ चे, म्हणजे एक वर्ष आधीचे; तेव्हा पहिला मान कोणाचा, हा वादही जुना आहे. तो ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की किर्लोस्करांनी सूत्रधाराच्या गळ्यातले गाणे काढून पात्रांच्या गळ्यात घातले. शकुंतला आपले दुःख आपणच गाऊ लागली. ‘शाकुंतला’त शंभराहून कितीतरी अधिक पदे आहेत, हे ऐकून आजचा वाचक दचकतो. परंतु संहिता हाती घेतली म्हणजे कळते, की त्यांतली पुष्कळशी पदे साकी, दिंडी, कामदा अशा चालींवरची, चार ओळींची आहेत. ती बोलण्यातूनच उगवतात आणि बोलण्यातच मिसळतात. कीर्तन ऐकलेल्या माणसाला ती रीत नवी नव्हती. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ओवीतच ख्रिस्तपुराण लिहिले आणि रेव्हरंड टिळकांनी अभंगांतून ख्रिस्तगान केले. तेव्हा गात गात कथा सांगण्याची ही मराठी सवय आपल्याही अंगणातली आहे. संगीत नाटक म्हणजे पुराणातल्या देवांचे, आपले त्यात काय, असे म्हणणारे काही धर्मग्रामस्थ आम्हांला भेटतात. त्यांनी एकदा ‘सौभद्र’ वाचावे, अशी आमची शिफारस आहे.

‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. थोरला भाऊ हट्टाने बहिणीचे लग्न एकाशी ठरवितो, धाकटा भाऊ हसतहसत ते मोडण्याचा डाव रचतो, प्रियकर संन्याशाच्या वेषात घरी येऊन बसतो, आणि घरातल्या बायका आपापसांत कुजबुजतात. पात्रे बलराम, कृष्ण, अर्जुन, सुभद्रा आणि रुक्मिणी ही खरी. पण घर अगदी मराठी मध्यमवर्गाचे आहे. मुलीला न विचारता तिचे लग्न ठरविणाऱ्या घराचे हे नाटक वाचताना आमच्या घरातल्या स्त्रीवर्गाने पोट धरून हसून घेतले, आणि मग सगळ्या थोडा वेळ गप्पही बसल्या. पदे वेगळी काढून ऐकली तर हे हसणेही हाती लागत नाही, आणि ते गप्प बसणेही नाही. त्यानंतर गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ (१८९९) घ्यावे. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची ही कथा. पुढे १९२९ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो हरविलास सारडा यांच्या नावचा. मराठी मुलखात मात्र तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला, आणि नाटकावरूनच कायद्याला नाव पडले असे कित्येकांना वाटत राहिले. या गैरसमजात नाटकाचे केवढे यश आहे! देवलांची पदे बोलण्याच्या भाषेतली, घरगुती आहेत. छापील पानावर ती वाचली तरी पात्राचा आवाज ऐकू येतो. आमच्या मते संगीत नाटकातला शब्द आणि प्रसंग यांचा मेळ देवलांइतका नेमका कोणालाच साधला नाही.

पुढे गाणे मोठे झाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी आले. त्याला चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. पदे पन्नासच्या आसपास, म्हणजे ‘शाकुंतला’पेक्षा पुष्कळ कमी, पण एकेक पद आता ठुमरी-दादऱ्याच्या अंगाने फुलू लागले. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशीच नाटकात आणल्या. समोर बालगंधर्व. प्रेक्षक ‘वन्समोअर’ म्हणून ओरडत आणि खेळ पहाटेपर्यंत चाले. पद आता पात्राचे राहिले नाही, ते गायकाचे झाले. हा तोटा की नफा? नाट्यसंगीताचे चाहते याला सुवर्णकाळ म्हणतात. आम्हीही त्याच चाहत्यांतले. परंतु वाचनानंतर आमचे मत थोडे बदलले आहे. सोने पुष्कळ मिळाले हे खरे. पण ज्या बोटात अंगठी घालायची त्या बोटाकडे लक्ष देण्याचे आपण सोडून दिले.

या काळासाठी चरित्रे आणि गौरवग्रंथ आधी वाचू नयेत. आधी वाचावीत ती मंडळीत राहिलेल्यांची आत्मवृत्ते. टेंबे यांची ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) आणि ‘माझा जीवनविहार’ (१९४८) ही दोन पुस्तके संगीताच्या जाणकाराने लिहिलेली असूनही सामान्य वाचकाला परकी वाटत नाहीत. पेटीवर बसणाऱ्या माणसाला नाटक कडेने दिसते. गायकाचा श्वास कोठे अडखळतो, चाल कोठून आली, ती कोणत्या गळ्यासाठी बेतली, हे त्यालाच कळते. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’ त्याच्या शेजारी ठेवावे. बोडस गायक नट म्हणून नव्हे, अभिनेते म्हणून मोठे. ‘मानापमाना’तला लक्ष्मीधर, ‘संशयकल्लोळा’तला फाल्गुनराव, ‘एकच प्याला’तला सुधाकर ही त्यांची कामे. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्या तिघांपैकी ते आणि टेंबे दोघे, तिसरे बालगंधर्व. म्हणजे एकाच घराच्या तीन भागीदारांपैकी दोघांच्या जबान्या आपल्याला मिळतात. एकाच घटनेकडे पाहणारी ही दोन माणसे किती वेगळ्या जागी उभी आहेत, हे वाचकाने स्वतः पाहावे. तेथे जी गंमत आहे ती कोणत्याही चरित्रात नाही.

‘मानापमाना’च्या पहिल्या रात्रीची एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. गौरवपर लेखनात ही गोष्ट कर्तव्यनिष्ठेचा नमुना म्हणून येते, टाळ्यांसह. आम्ही आईबाप म्हणून ती वाचतो तेव्हा टाळी वाजत नाही. तिकिटे विकली गेलेली, मंडळीतल्या कितीतरी माणसांचे जेवण त्या एका रात्रीवर अवलंबून, नव्या नाटकाचा पहिला खेळ. अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याची मुभा त्या बापाला कितपत होती? मंडळीचे बिऱ्हाड, तिचे कर्ज, रेल्वेने हलणारे तिचे सामान, वेळेवर न मिळणारे पगार हे सारे ज्याने वाचले आहे त्याला त्या रात्रीचा अर्थ निराळा लागतो. बालगंधर्वांवरची दोन पुस्तके आम्ही यानंतर वाचली. बाळ सामंतांचे ‘तो राजहंस एक’ प्रेमाने लिहिलेले आहे. अभिराम भडकमकरांची ‘असा बालगंधर्व’ (२०१०) ही कादंबरी आहे आणि ती कादंबरी म्हणूनच वाचावी. तिच्यातला संवाद इतिहास म्हणून कोणी उद्धृत करू नये. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी ज्ञानेश्वर नाडकर्णी यांचे बालगंधर्व आणि मराठी रंगभूमी या विषयावरचे १९८८ चे छोटे पुस्तक आहे. भक्ती आणि चिकित्सा यांचा तोल त्यात आम्हांला सर्वांत बरा वाटला.

एकच पुस्तक वाचायला सवड असेल, तर मात्र आम्ही चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’चे नाव घेऊ. हे आत्मचरित्र १९५७ चे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. चिंतामणराव गायक नव्हते. मास्टर दीनानाथ आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह १९१८ मध्ये त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. राम गणेश गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ या मंडळीने केले, तेव्हा चिंतामणरावांनी घनश्याम केला आणि दीनानाथांनी लतिका. नाटक रंगभूमीवर येण्याआधीच, २३ जानेवारी १९१९ रोजी, गडकरी गेले होते. पुढे बोलपट आला. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. त्यात राजा हरिश्चंद्र झाले होते आपले गोविंदराव टेंबेच! बलवंत मंडळीनेही चित्रपटात उडी घेतली. १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा त्या उडीचा खड्डा ठरला, आणि एके काळी दिमाखाने गावोगाव हिंडलेली मंडळी विस्कटली.

‘बहुरूपी’चे मोठेपण असे, की त्यात उगाच रडणे नाही. ज्या मंडळीत आयुष्य घातले तिचे दिवाळे सांगताना लेखक दैवाला दोष देऊन मोकळा होत नाही. आपला हिशेब कोठे चुकला, ही नजर त्याला आहे. गाणाऱ्यांच्या घोळक्यात न गाणाऱ्या माणसाने लिहिलेले हे पुस्तक आहे, म्हणून पदाच्या आधी आणि नंतर रंगमंचावर काय चालते हे त्याला दिसते. पद रंगले, आता तुटलेला प्रसंग पुन्हा उभा कोण करणार? ते काम घनश्यामाचे. याच मंडळीचा उतरता काळ विश्राम बेडेकर यांनी ‘एक झाड आणि दोन पक्षी’ (१९८४) मध्ये पाहिला आहे. त्यांचे ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक बलवंत मंडळीसाठीच लिहिलेले. बेडेकरांची नजर तिखट, क्वचित निर्दयही. ‘बहुरूपी’ वाचून मन हळवे झाले असेल तर लगेच हे पुस्तक घ्यावे, उतारा पडतो.

‘एकच प्याला’विषयी येथे दोन शब्द अधिक लिहावेत असे वाटते. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व मंडळीने हे नाटक बडोद्यास केले. त्यातली पदे गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. म्हणजे गद्य एकाचे, पद्य दुसऱ्याचे, आणि गळा तिसऱ्याचा. दारूने घर कसे बुडते, हे आपल्या वस्त्यांत कोणाला शिकवायला नको. धर्मगुरूंच्या पुष्कळ प्रवचनांनी जे होत नाही ते या नाटकाच्या वाचनाने होईल, असा दावा आम्ही करणार नाही. गडकऱ्यांचे गद्य अलंकारांनी फुगलेले आहे आणि तळीरामाचे विनोद आज कोठे कोठे ओढूनताणून आणलेले वाटतात. परंतु दळणाच्या प्रसंगातली सिंधू वाचताना आमच्या डोळ्यांत पाणी आले, हे खरे. हेच पद मैफलीत ऐकताना आजवर आम्ही फक्त मान डोलावली होती. दुसऱ्याच्या घरचे जाते ओढणाऱ्या बाईचे ते गाणे आहे, हे कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते.

साथीच्या वाद्याची गोष्ट आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. पायाने भाता चालवायचा ऑर्गन आपल्याकडील कित्येक जुन्या चर्चच्या माडीवर असे. आजीआजोबांना तो आठवत असेल. तोच ऑर्गन संगीत नाटकात नटाच्या पायांशी जाऊन बसला, आणि आजही नाट्यसंगीत म्हटले की त्याचा भरदार सूर प्रथम आठवतो. त्याची धाकटी बहीण हार्मोनियम. तिचा जन्म पॅरिसमधला, १८४० च्या सुमाराचा, आणि आपल्या देशात ती रुजली ती मिशनऱ्यांच्या आणि गोऱ्या साहेबांच्या मागोमाग. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केले ते तीसेक वर्षे. हिंदुस्थानी गाण्याला तिचे सूर शोभत नाहीत, असे जाणत्यांचे म्हणणे होते. चर्चमध्ये आणि नाटकात मात्र तिला कोणी जात विचारली नाही. या सगळ्या उसनवारीचा शास्त्रशुद्ध विचार अशोक दा. रानडे यांनी महाराष्ट्राच्या रंगसंगीतावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९८६) केला आहे. ग्रंथ आटोपशीर आहे. पण शिजवायला वेळ लागणाऱ्या धान्यासारखा. संगीत थोडेफार शिकलेल्यानेच हाती घ्यावा.

स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या ही रीत मोडत आली तेव्हाची साक्ष ज्योत्स्ना भोळे यांच्या ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’ या आत्मकथनात आहे. गोव्यात जन्मलेल्या या गायिकेने १ जुलै १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये बिंबाची भूमिका केली. नाटक मूळ नॉर्वेच्या ब्यर्नसनचे. पदे मोजकीच, आणि ती प्रसंगात बसतील अशी. चाली होत्या केशवराव भोळे यांच्या. त्यांचे ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हे पुस्तक गायकवृंद चालविणाऱ्या प्रत्येकाने वाचावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. शब्द ऐकू आला पाहिजे आणि प्रसंगापेक्षा चाल मोठी होता कामा नये, ही त्यांची धारणा उपासनेतल्या गाण्यालाही तंतोतंत लागू पडते. मिस्सात अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरूंना थांबायला लावून दोन-दोन कडवी जास्त गाणारे गायकवृंद आम्ही पाहिले आहेत. तोही वन्समोअरच!

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे या भागांत आज वसईकर, उरणकर, गोवेकर, मंगळूरकर अशी सर्व प्रकारची कुटुंबे एका चर्चमध्ये गुडघे टेकतात. गोवेकर मंडळींना संगीत नाटकाविषयी विचारावे तर ते तियात्राची गोष्ट सांगतात, आणि ती ऐकण्याजोगी आहे. पहिला तियात्र ‘इटालियन भुरगो’ हा १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टर रविवारी, मुंबईत झाला. किर्लोस्करांपुढे पारशी नाटक होते, तर लुकाझिन रिबेरोंपुढे मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीचे खेळ होते. ‘तियात्राचे जनक’ म्हणून गौरविले गेलेले जुआंव आगोस्तिन्यो फेर्नांडिस यांच्या पत्नी रेजिना १९०४ मध्येच रंगमंचावर आल्या. तेव्हा बालगंधर्वांचे किर्लोस्कर मंडळीतले पदार्पणही व्हायचे होते! पण आमच्या विषयाला लागू असलेली गोष्ट निराळीच आहे. तियात्रातली पुष्कळशी ‘कांतारां’ कथेच्या बाहेरची असतात. पडदा पडतो, गायक पुढे येतो, महागाईवर, पुढाऱ्यांवर, सासू-सुनांवर गातो आणि आत जातो. मग कथा पुढे सरकते. पद पात्राचे असल्याची बतावणीच तेथे नाही. संगीत नाटकाने पद पात्राच्या तोंडी घातले आणि हळूहळू ते पात्रापासून निसटले. तियात्राने मुळातच ते वेगळे ठेवले, म्हणून निसटण्याचा प्रश्न आला नाही. आम्हांला यातला तियात्राचा व्यवहार अधिक प्रामाणिक वाटला, हे लिहिताना आमच्यातला गंधर्वभक्त कुरकुरतो आहे. विल्सन माझारेलो यांचा कोंकणी तियात्राच्या शंभर वर्षांवरचा इंग्रजी ग्रंथ (२०००) या बाबतीत माहितीचे कोठार आहे. मांडणी विस्कळीत आहे. पण कोठारात कोणी दिवाणखान्याची टापटीप शोधू नये.

त्यानंतरच्या काळाविषयी थोडक्यात. विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०), जितेंद्र अभिषेकींचे संगीत असलेले कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) ही नाटके संहितेतून वाचण्यासारखी आहेत. त्यांत ‘कट्यार’ची युक्ती फार हुशारीची : पात्रेच गवई, भांडण गाण्याचेच, मग पद कोणाचे हा प्रश्नच उरत नाही. २०१७ चे प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ दोनच स्त्रियांचे, आवली आणि रखुमाईचे. तेथे पद पुन्हा बोलण्यातून उगवताना दिसले आणि आम्हांला देवल आठवले. समग्र आढावा हवा असणाऱ्यांनी शांता गोखले यांचा १८४३ पासूनच्या मराठी नाटकावरचा इंग्रजी ग्रंथ (२०००) पाहावा. नावे-साले धुंडाळायला वि. भा. देशपांडे यांचा ‘मराठी नाट्यकोश’ आहेच.

हे सारे वाचीत असताना आमच्या मनात एका गृहस्थाची आठवण वारंवार येई. नाव लिहीत नाही. ते कित्येक वर्षे उपवासकाळात धर्मग्रामाचे दुःखसहनाचे नाटक बसवीत आणि नाताळात छोटी संगीत नाटिका. पदे स्वतः रचीत. कोणत्या चालीवर, ते समासात लिहून ठेवीत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या सात-आठ वह्या होत्या. कोणत्या वर्षी पिलात कोणी केला, पेत्राचे काम करणाऱ्याला आयत्या वेळी ताप आला तेव्हा कोण उभा राहिला, पेट्रोमॅक्सचे भाडे किती पडले, सगळे त्यांत असे. ते गेल्यावर घर रंगविताना त्या वह्या रद्दीत गेल्या. कोणाचा दोष म्हणावा? आम्ही स्वतः त्या घरी दोन वेळा गेलो होतो, चहा पिऊन आलो, आणि वह्या मागायचे राहून गेले. चिंतामणरावांनी ‘बहुरूपी’ लिहिले नसते तर बलवंत मंडळीही अशीच गेली असती. दीनानाथांची चार-दोन पदे तबकड्यांवर उरली असती. घनश्याम कोणाला आठवला असता?

त्या मुलीला आम्ही ‘मानापमाना’ची संहिता दिली. २०२५ च्या जानेवारीत आलेला त्याच कथेवरचा चित्रपट तिने पाहिला होता. पुस्तक मात्र प्रथमच. आठवड्याने ती आली ती तक्रार घेऊनच. म्हणाली, “ही भामिनी तर आधी त्याचा अपमान करते, गरीब म्हणून. मग स्वतःच गरिबाचा वेष घेऊन वनमाला होते. मी ते गाणं किती गोड म्हणत होते, अंकल! तिथे तिला थोडी लाज नको वाटायला?” आम्ही म्हटले, तसे म्हणून पाहा. तिने आमच्या जुन्या पेटीवर सूर धरला आणि पहिल्या दोन ओळी म्हटल्या. ताना सोडून, जरा खालच्या पट्टीत. पद ओळखीचे होते, बाई नवीन होती. जाताना तिने ‘माझी भूमिका’ मागून नेले. ग्रंथालयाची मुदत महिनाअखेरीस संपते, हे तिला दोनदा बजावले आहे.